प्रमाद आणि प्रक्षेप : बिनतारी नियंत्रणाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

महाराष्ट्र शासनाच्या ज्या कार्यालयाकडे कारखान्यांतील अपघात टाळण्याचे काम आहे, त्याचे नाव औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. विमानतळ, वीजकेंद्रे व मोठे सरकारी कारखाने यांवर पहारा देणाऱ्या दलाचे नाव केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल. 'औद्योगिक सुरक्षा' ही दोन पदे दोन्ही नावांत अक्षरशः समान आहेत. पहिल्या ठिकाणी त्यांचा अर्थ यंत्रापासून माणसाचे रक्षण असा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी माणसापासून यंत्राचे रक्षण असा आहे. एकाच शब्दाने परस्परांच्या उलट दिशेने जाणारे दोन व्यवहार सांगावेत आणि कोणालाही त्यात विसंगती जाणवू नये, ही गोष्ट आजवर खपून गेली; कारण कारखान्याचा कुंपणाबाहेरील शत्रू आणि आतील अपघात हे दोन वेगळे विषय होते, व त्यांची कार्यालयेही वेगळी होती. यंत्राला दिली जाणारी आज्ञा तारेतून न जाता हवेतून जाऊ लागली तेव्हा मात्र हे दोन विषय एका ठिकाणी आले, आणि मराठीतील ही जुनी संदिग्धता प्रथमच धोक्याची ठरू लागली. प्रस्तुत टिपणात त्या संदिग्धतेची चिकित्सा करावयाची आहे.

विषय दूरचा वाटू नये म्हणून तो भिवंडीतील निजामपुऱ्यात आणून पाहणे सोयीचे आहे. भिवंडी-निजामपूर या महानगरपालिकेच्या जोडनावात ज्याला स्थान मिळाले आहे त्या या भागात व त्याच्या आसपास यंत्रमागाचा खडखडाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तर शहराच्या दक्षिणेकडे, मानकोली-काल्हेरच्या बाजूला, गोदामांची नवी वसाहत पसरली आहे. जुना साधा यंत्रमाग हे तारेवाचूनच्याच नव्हे, तर संदेशावाचूनच्या नियंत्रणाचेही उत्तम उदाहरण होय. त्यात वेफ्ट-फोर्क नावाची एक काट्याची योजना असते. बाण्याचा धागा जागेवर असला तर तो काट्याला ढकलून कललेला ठेवतो. धागा तुटला की काटा कलत नाही, त्याची शेपटी हलत्या आकड्यात अडकते आणि माग थांबतो. धागा आहे, ही वार्ता क्षणोक्षणी मिळत राहिली तरच माग चालावा, वार्ता खंडित झाली की थांबावा, असे हे तत्त्व आहे. आजच्या बिनतारी क्रेनचा ग्राहकही हेच करतो. चालकाच्या हातातील रिमोटकडून ठराविक अंतराने संदेश येत राहिला नाही तर तो गती तोडतो. फरक एवढाच की, धागा खोटे बोलत नाही. काट्याला ढकलणारा धागा आपल्याच मागाचा की शेजारच्याचा, असा प्रश्न विणकराला कधी पडत नाही. हवेतून येणाऱ्या संदेशाच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

या प्रश्नाला मराठीत नाव काय आहे? नाव शोधू लागताच अडचणी सुरू होतात. आणि त्या 'बिनतारी' या शब्दापासूनच सुरू होतात. १९२७ मध्ये खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले, १९३३ मध्ये बिनतारी तारायंत्राविषयीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला. या प्रदीर्घ काळात 'बिनतारी' हा शब्द मराठीत पक्का रुजला. 'बिन-' या पूर्वपदाचे मराठीतील वर्तन पाहण्याजोगे आहे. बिनचूक, बिनधोक, बिनबोभाट, बिनतक्रार, बिनविरोध, बिनशर्त या मोठ्या गटात जे वगळले गेले ती अडगळ होती, असे गृहीत असते. बिनडोक, बिनबुडाचा, बिनकामाचा हे उलट गटातील शब्द आहेतच. पण त्यांत वगळलेली वस्तू आवश्यक होती हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. 'बिनतारी' हा शब्द सहजगत्या पहिल्या गटात जाऊन बसला. तार म्हणजे लोंबकळणारी, तुटणारी, खर्चाची वस्तू. ती गेली तर बरेच झाले. परंतु तार केवळ वाहक नव्हती, ती वेसही होती. तारेतून आज्ञा द्यावयाची तर तारेपर्यंत यावे लागे, आणि तारेपर्यंत यावयाचे तर फाटकावरील पहारेकऱ्यासमोरून जावे लागे. म्हणजे तारेबरोबर एक न दिसणारी ओळखतपासणीही निघून गेली. या हानीची नोंद 'बिनतारी' हा शब्द कोठेच ठेवत नाही.

याहून अधिक भ्रामक शब्द आहे तो 'रेंज'. इंग्रजीत त्याचा अर्थ पल्ला. मराठीत मात्र "रेंज येत नाही", "इथं रेंज चांगली आहे" अशा प्रयोगांतून तो ग्रहणाच्या गुणाचा वाचक झाला. रेंज ही येते आणि जाते. ती पावसासारखी स्थळाला लागू असते. या अर्थांतराने भाषेचे काही बिघडले नाही; लोकव्यवहारात असे होतच असते. बिघडते ते अनुमान. गोदामाच्या फाटकाबाहेर आपला रिमोट चालत नाही, अर्थात तेथे 'रेंज नाही', आणि रेंज नाही तर तेथून कोणीच क्रेनला आज्ञा देऊ शकणार नाही, असा निष्कर्ष चालक सहज काढतो. वस्तुतः पल्ला हा स्थळाचा गुण नसून प्रेषकाची शक्ती, ग्राहकाची संवेदनक्षमता आणि मधील अडथळे यांचा परिणाम असतो. अधिक शक्तीचा प्रेषक व एका दिशेला रोखलेला अँटेना यांच्या साहाय्याने जेथे 'रेंज नाही' तेथूनही बोलता येते. तीच गत 'परवानामुक्त' या शब्दाची. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ किंवा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत कमी शक्तीची साधने परवान्यावाचून वापरता येतात. मात्र इतरांच्या हस्तक्षेपापासून संरक्षण मागण्याचा हक्क त्यात मिळत नाही. 'मुक्त' या पदाला मराठीत जो मंगल स्वर आहे, त्यापुढे ही अट ऐकूच येत नाही.

आता मुख्य जोडीकडे वळावे : विश्वसनीयता आणि सुरक्षितता. विश्वास हा शब्द 'श्वस्' धातूपासून आलेला, मोकळा श्वास घेणे, निःशंक होणे, या अर्थाचा. त्यावरून सिद्ध झालेले विश्वासार्ह हे विशेषण मुळात माणसाला लागते. अभियांत्रिकीत मात्र या संज्ञेत श्रद्धेचा अंशही नाही. ठराविक परिस्थितीत, ठराविक काळापर्यंत, वस्तू आपले काम करीत राहील याची संभाव्यता, एवढाच तिचा अर्थ. परिस्थिती व काळ या दोन अटी काढून टाकल्या की संज्ञा निरर्थक होते. आणि या अटींतील 'परिस्थिती' म्हणजे निसर्ग : लोखंडी मांडण्यांवरून परावर्तित होणाऱ्या लहरी, मोटारीच्या ठिणग्या, बॅटरीची उतरती शक्ती, शेजारच्या साधनांचा गोंगाट. निसर्ग उपद्रवी असला तरी तो हेतुपूर्वक उपद्रव देत नाही. सुरक्षेचा प्रश्न तेथे सुरू होतो, जेथे समोर हेतू असतो.

मराठी विभागांतील अभ्यासकांना हा भेद दुसऱ्या वेषात चांगला परिचित आहे. पाठचिकित्सेत लेखकप्रमाद आणि प्रक्षेप हे दोन दोष वेगळे मानले जातात. नकलाकाराची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरली, अक्षर चुकले, शब्द गळला, हा प्रमाद. कोणी स्वतःची रचना मूळ ग्रंथकाराच्या नावाने आत घातली, तर तो प्रक्षेप. विष्णु सीताराम सुकथनकरांच्या संपादनाने ज्याची पद्धती घडली आणि जे १९६६ मध्ये पूर्ण झाले, त्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत या दोहोंसाठी कसोट्या वेगळ्या आहेत. आणि ते साहजिकच आहे. प्रमादामुळे वाक्य मोडते, छंद अडखळतो, अर्थ लागत नाही. म्हणून तो बहुधा स्वतःच आपली जागा दाखवतो. प्रक्षेप मात्र निर्दोष छंदात असू शकतो. किंबहुना कुशल प्रक्षेपकार मूळ ग्रंथकारापेक्षा शुद्ध लिहितो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा अपपाठ दूर करणे हे एक काम होते, आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावणे हे दुसरे. पहिले काम त्यांच्या हाती होते, ते त्यांनी पार पाडले. दुसऱ्यासाठी त्यांच्याजवळ ताकिदीखेरीज साधन नव्हते.

बिनतारी संदेशातही तेच. प्रत्येक संदेशाच्या अखेरीस मूळ मजकुरावरून काढलेला एक तपासणी-अंक जोडलेला असतो. ग्राहक तो पुन्हा काढून ताडून पाहतो. वाटेत एखादा बिंदू बदलला असला तर अंक जुळत नाही व संदेश टाकून दिला जातो. ही छंदाची कसोटी झाली. प्रमाद तिच्यात सापडतो. परंतु अंक काढण्याची रीत ज्याला ठाऊक आहे असा परका मनुष्य स्वतःचा संदेश रचून त्याला अचूक अंक जोडू शकतो, आणि ग्राहक तो निःशंकपणे स्वीकारतो. त्यावर उपाय एकच : ज्या दोघांतच गुपित आहे अशा किल्लीने काढलेली खूण. आणि तीही पुरेशी नाही. खऱ्या चालकाने काल दिलेली खरी आज्ञा हवेतून टिपून ठेवून आज जशीच्या तशी पुन्हा सोडली तर? येथे अक्षरही चुकलेले नाही आणि रचनाही परक्याची नाही; केवळ वेळ परकी आहे. म्हणून प्रत्येक आज्ञेत बदलता क्रमांकही घालावा लागतो. २०१९ च्या जानेवारीत ट्रेंड मायक्रो या संस्थेच्या संशोधकांनी क्रेन व तत्सम यंत्रांच्या बिनतारी रिमोटांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सात उत्पादकांची साधने तपासली होती, आणि आज्ञा टिपून पुन्हा सोडण्याचा हा साधा मार्ग त्यांत खुला आढळला. २०१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील डॅलस शहरात मध्यरात्रीच्या सुमारास १५६ भोंगे एकदम वाजू लागले, तेही बिनतारी संकेताच्याच गैरवापराने. (गिरणगावात गिरणीच्या भोंग्याची आज्ञा लाखो माणसे निमूट पाळीत. कारण तो कोठून वाजतो हे सर्वांना ठाऊक असे.)

या सर्व प्रकरणांच्या मुळाशी एक व्याकरणिक वस्तुस्थिती आहे, तिच्याकडे भाषाभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे होते. नियंत्रणाचा संदेश हे विधान नसून आज्ञा असते. विधान खरे की खोटे हे वस्तुस्थितीशी ताडून पाहता येते. 'उचल', 'थांब', 'खाली सोड' यांना खरेखोटेपणा नाही. त्या अधिकाऱ्याने दिल्या की अनधिकाऱ्याने, एवढेच विचारता येते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९५५ मधील व्याख्यानांतून, व १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून, हा विचार भाषाशास्त्रात आला. परंतु मराठी आज्ञार्थाचे रूप पाहिले तर त्यात द्वितीय पुरुष तेवढा सूचित असतो. वक्त्याचा मागमूसही नसतो. आज्ञार्थ जन्मतःच निनावी आहे. समोरासमोरच्या व्यवहारात आवाज व चेहरा ही उणीव भरून काढतात. तारेच्या व्यवहारात तार ती भरून काढी. १९०३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीच्या बिनतारी यंत्राचे प्रात्यक्षिक व्हावयाचे होते. सुस्वरित लहरींमुळे संदेशात कोणाची ढवळाढवळ होऊ शकत नाही, असा त्यांचा दावा होता. तोच नेव्हिल मास्केलाइन या जादूगाराने जवळूनच संदेश सोडले, आणि ग्राहकयंत्रावर चेष्टेचा मजकूर उमटू लागला. यंत्र बिघडले नव्हते. ते उत्कृष्ट काम करीत होते, आणि म्हणूनच त्याने चेष्टाही बिनचूक टिपली.

या भेदाला वेगळे नाव नसेल तर काय होते, याची दोन उदाहरणे एकमेकांची प्रतिबिंबे म्हणून पाहण्यासारखी आहेत. ऑस्ट्रेलियातील मरुची येथे २००० मध्ये सांडपाण्याचे पंप बिनतारी नियंत्रणावर चालत. पंप अवेळी बंद पडू लागले, धोक्याच्या सूचना येईनाशा झाल्या. प्रथमतः हा सारा नव्या यंत्रणेचा बिघाड समजला गेला, व ती दुरुस्त करण्याचे प्रयत्न होत राहिले. वस्तुतः ती यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडील एक माजी कर्मचारी रेडिओसंच घेऊन खोट्या आज्ञा देत होता. सुमारे ८ लाख लिटर मैला उघड्यावर वाहिल्यानंतर तो पकडला गेला, आणि २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. येथे प्रक्षेपाला प्रमाद मानले गेले.

दुसरे उदाहरण घरचे आहे. ते बिनतारी नियंत्रणाचे नव्हे, विजेच्या जाळ्याचे आहे. परंतु शब्दांचा गोंधळ त्याच जातीचा आहे, आणि त्याचे एक टोक भिवंडी तालुक्यातच आहे. चंद्रपूरहून १९९९ पासून उच्चदाबाच्या एकदिश प्रवाहाने येणारी वीज जेथे उतरते ते पडघे, आणि ठाण्याजवळील कळवे, यांमधील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद असता १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास दुसरीही गेली, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात बुडाली; लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. दोन दिवसांतच राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन संस्थेचा भारतीय वीजयंत्रणेतील परकीय शिरकावाविषयीचा अहवाल आला. त्यात मुंबईच्या घटनेशी संबंध सिद्ध झाल्याचे म्हटलेले नव्हते. १ मार्चला राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता मांडली. आणि त्यानंतर लगेचच केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी, वीज गेली ती मानवी चुकीमुळे, सायबर हल्ल्यामुळे नव्हे, असे सांगितले. शिरकावाचे प्रयत्न झाले, पण ते चालनयंत्रणेपर्यंत पोहोचले नाहीत, असेही त्यांनी जोडले. म्हणजे दोन वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत होती : शिरकाव झाला होता, आणि वीज त्यामुळे गेली नव्हती. परंतु चर्चेत 'बिघाड', 'चूक', 'हल्ला', 'घातपात' हे शब्द एका प्रश्नाची पर्यायी उत्तरे म्हणून वापरले गेले. मानवी चूक सिद्ध झाली की शिरकावाचा प्रश्न मिटला, आणि शिरकाव सिद्ध झाला की देखभालीचा प्रश्न मिटला, अशी दोन्ही बाजूंची सोय झाली. शब्दांनी ही सोय केली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वर्तमानपत्रांनीही ती फारशी कुरकुर न करता स्वीकारली.

येथे एक आक्षेप संभवतो. मुद्दाम गोंगाट करून संदेश बुडवला, किंवा मोटारीच्या ठिणगीने तो बुडाला, परिणाम एकच. मग भेद कशाला? हा आक्षेप हलका नाही. अशा ठिकाणी विश्वसनीयता व संरक्षण यांची सीमा खरोखरच पुसट होते, आणि वायरलेसहार्टसारख्या मानकांत दर संदेशाला वाहिनी बदलण्याची जी रीत आहे ती दोन्ही कामी उपयोगी पडते. परंतु उपाययोजनेच्या वेळी भेद पुन्हा उभा राहतो. नैसर्गिक गोंगाट आपल्या उपायाला प्रत्युत्तर देत नाही, शत्रू देतो. एवढेच नव्हे, तर एका गुणासाठी केलेली सोय दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकते. पोलंडच्या रेल्वेत तीन ठराविक स्वरांचा बिनतारी संकेत ऐकू येताच आसपासच्या गाड्या थांबतात. संकटात कोणालाही तो देता यावा म्हणून त्यावर ओळखीचे बंधन नव्हते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये श्चेचिन शहराच्या परिसरात कोणी तेच स्वर सोडले आणि वीसहून अधिक गाड्या उभ्या राहिल्या. प्रवाशांना इजा झाली नाही. मागाच्या काट्याचे तत्त्व येथे अचूक पाळले गेले, आणि त्यानेच वाहतूक परक्याच्या स्वाधीन केली. मराठीत ही घटना सांगताना 'सुरक्षा होती की नव्हती?' या प्रश्नाला होय आणि नाही अशी दोन्ही उत्तरे द्यावी लागतात.

ओळख पटवण्याच्या क्रियेला मराठीत नाव नाही असे नाही. नावे फार आहेत. शासकीय योजनांनी 'आधार प्रमाणीकरण' घरोघरी नेले. परंतु भाषेच्या अभ्यासकाला प्रमाणीकरण म्हणजे प्रमाणभाषेची सिद्धता, कारखानदाराला मानकाप्रमाणे असल्याचा दाखला. एकाच निविदेत हे शेवटचे दोन अर्थ शेजारी येतात. 'अधिप्रमाणन' कोशात आहे, तोंडात नाही. त्यापेक्षा 'साक्षांकन' अधिक चांगले, कारण साक्षांकित प्रत आणि नुसती खरी प्रत यांतील फरक प्रत्येक विद्यार्थ्याने अर्जाच्या निमित्ताने अनुभवलेला असतो. महाराष्ट्रात २०१५ पासून स्वयंसाक्षांकनाची सवलत आली, ही नागरिकाच्या सोयीची गोष्ट झाली. जुन्या रिमोटाच्या संदेशातील न बदलणारा ओळख-क्रमांक हेही स्वयंसाक्षांकनच होय : मी तोच, असे मीच म्हणतो.

"यंत्रणा पूर्णतः सुरक्षित व विश्वासार्ह असावी", या धाटणीचे वाक्य मराठी निविदेत शोभून दिसते, आणि त्याचा भंग कोणालाही सिद्ध करता येत नाही. त्याऐवजी तीन वाक्ये लिहावी लागतील. अमुक अंतरावर, लोखंडी मांडण्यांच्या मध्ये, शंभरांपैकी किती संदेश किती वेळात पोहोचावेत. संदेश न पोहोचल्यास भार कोठे व कसा थांबावा. आणि परक्याने रचलेली अथवा जुनी टिपलेली आज्ञा यंत्राने कशावरून ओळखून नाकारावी. या तीन वाक्यांची परीक्षा तीन वेगळे लोक करतील. आणि तिसरे वाक्य गळाले असल्यास ते गळाल्याचे निदान दिसेल तरी.

या तीन वाक्यांना तीन नावे हवीत. पहिल्याला विश्वसनीयता हे नाव अटींसह चालावे. उरलेल्या दोहोंसाठी संस्कृत धातूंची टांकसाळ पुन्हा सुरू करण्याचे प्रयोजन नाही. सुरक्षा आणि सुरक्षितता अशी प्रत्ययाच्या बळावर वाटणी सुचवली जाते. ती कोशात टिकेल, यंत्रशाळेत टिकणार नाही. जर्मनलाही एकाच 'झिशरहाइट' शब्दावर ही दोन्ही ओझी वाहावी लागतात, तेव्हा हे दारिद्र्य मराठीचेच आहे असे नाही. मात्र मराठीच्या शेजारी एक श्रीमंत घर आहे. भिवंडीत, विशेषतः निजामपुऱ्यासारख्या वस्तीत, मराठी, उर्दू, कोकणी मुसलमानांची बोली आणि उत्तरेतून आलेल्या विणकरांची हिंदी रोज एकमेकींत मिसळतात. तेथील उर्दूत सलामती आणि हिफाजत हे दोन शब्द वेगळे आहेत. सलामती म्हणजे अंगाला इजा न होणे. हिफाजत म्हणजे कोणापासून तरी राखणे. दुसऱ्यात 'कोणापासून' ही आकांक्षा अंगभूत आहे, पहिल्यात ती नाही. दोन्ही शब्द मराठीला परके नाहीत. 'शिर सलामत तो पगडी पचास' ही म्हण मराठी माणूस परकी समजत नाही, आणि हिफाजतही त्याला कोशात पाहावी लागत नाही. परिभाषा घडवणाऱ्या समित्यांनी फारसी-अरबी मूळ दिसताच शब्द बाजूला ठेवण्याची जी सवय लावून घेतली, तिची किंमत येथे मोजावी लागते. क्रेनखाली उभ्या राहणाऱ्या हमालाला, मग तो घरी कोणतीही भाषा बोलो, 'भाराची सलामती' आणि 'रिमोटची हिफाजत' या दोन पाट्या वेगळ्या कळतील; 'सुरक्षा प्रथम' या एका पाटीवरून तो फार तर डोक्यावर शिरस्त्राण घालील.